डिस्लेक्सियाचं प्रशिक्षण : बाई आणि आई एकाच सतरंजीवर बसतील का? (इंदूर)

बक्षीबागकर

नमस्कार मंडळी. हा धागा मुख्यतः इंदूर, महू, देवासकडच्यांसाठी आहे, पण बाकीच्यांनीही जरूर लिहावं.

आमच्या मराठी मंडळाने उन्हाळ्याच्या सुट्टीत डिस्लेक्सियावर, म्हणजे हुशार मुलांनाही वाचन-लेखन जड जातं त्यावर, शिक्षक आणि पालकांचं प्रशिक्षण घ्यायचं ठरवलंय. मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे आखणी माझ्या गळ्यात. पहिल्या बैठकीत निघालेला आराखडा असा : एक रविवार, एक मोठे डॉक्टर, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, दीड तास भाषण, शाल-श्रीफळ, शेवटी पोहे-जिलबी. पोहे-जिलबीला माझा अजिबात विरोध नाही. बाकीच्याला आहे. असली व्याख्यानं शिक्षकांना वर्षानुवर्षं ऐकवली जातात. "ही मुलं हुशार असतात, त्यांना समजून घ्या" म्हटलं की सभागृहात डोळे पुसले जातात. सोमवारी तोच मुलगा वर्गात उभा राहून धडा वाचतो, अडखळतो, मुलं हसतात, आणि पुढच्या मिनिटाला नेमकं काय करायचं हे बाईंना कोणी सांगितलेलंच नसतं.

माझं म्हणणं, जोडी नोंदवायची. मुलाची आई किंवा बाबा, आणि त्याच मुलाच्या वर्गशिक्षिका. पाच-सहा रविवार, दर वेळी दोन तास आणि एकच गोष्ट. ती तिथेच करून बघायची, आणि मधल्या आठवड्यात घरी आणि वर्गात तीच चालवायची. दोघांना वेगवेगळं शिकवून उपयोग होत नाही. बाई म्हणतात, निबंधात आधी मुद्दे बघू, ऱ्हस्व-दीर्घ नंतर. घरी बाबा तोच निबंध लाल पेनाने रंगवून प्रत्येक चुकलेला शब्द वीस वेळा लिहून घेतात. काही घरांत याच्या बरोबर उलटं चालतं.

मंडळातले म्हणतात, जोडीने कोणी येणार नाही. तुमचं मत?

छप्पनवाला

भिया, जोडीने लोक हल्ली लग्नालाही येत नाहीत. पण कल्पना आवडली. सतरंज्या उचलायला मी आहे.

शंकासूर

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या वेळी वर्गात साठ मुलं होती आणि डिस्लेक्सिया एकालाही नव्हता. पाढे न आल्यास छडी होती. हे सगळं इंग्रजी माध्यमाचं आणि मोबाइलचं फळ आहे.

जोडाक्षर

शंकासूर, तुमच्या साठांतही होती. ती चौथी-पाचवीनंतर शाळेत दिसेनाशी झाली आणि "डोकं नाही त्याला" असं म्हणून विषय संपला. मोबाइलचं म्हणाल, तर प्रिंगल मॉर्गन या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली ती १८९६ साली. मुलगा चलाख, गणितात बरा, पण साधे शब्द वाचता येत नव्हते. त्याच्या मास्तरांचं मत होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर शाळेतला सर्वांत हुशार मुलगा हाच ठरला असता.

मी विशेष शिक्षिका आहे, इथल्याच शाळांमध्ये काम करते. वाचन, लेखन आणि गणित यांतले शिकण्याचे सगळे विशिष्ट अडथळे मिळून शाळकरी मुलांत ५ ते १५ टक्के प्रमाण धरलं जातं. पंचेचाळीसच्या वर्गात दोन ते सहा मुलं. तरी शिक्षकांच्या नजरेतून ती का सुटतात, त्याचं आपल्या भागातलं एक कारण सांगते. हिंदी आणि मराठी बहुतांशी लिहिल्याप्रमाणे वाचल्या जातात. त्यामुळे अशा मुलाचं हिंदी वाचन चुकीचं कमी आणि हळू जास्त असतं. बाई म्हणतात, "वाचतो की, जरा सुस्त आहे." तोच मुलगा इंग्रजीत पार कोसळतो, कारण तिथे स्पेलिंगचा आणि उच्चाराचा मेळ कमी. मग निदान होतं, "इंग्रजी कच्चं आहे", आणि इंग्रजीची शिकवणी लागते. प्रशिक्षणात पहिल्यांदा हे शिकवा, की फक्त चुका मोजू नका, वेळ बघा. परिच्छेद वाचून झाल्यावर मूल किती दमलंय तेही बघा.

आणि ब-व, भ-म, घ-ध उलटसुलट होणं ही एकच खूण धरून बसू नका. पहिलीतली बरीच मुलं तेवढं करतात आणि पुढे सावरतात.

पाटीपेन्सिल

मी सरकारी शाळेतून निवृत्त झाले, हिंदी माध्यम. बक्षीबागकर, तुमची कळकळ पटते, पण शिक्षकांची बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही.

प्रशिक्षणांची वानवा नाही हो. निष्ठा हे शिक्षक-प्रशिक्षण आलं, ते दीक्षा या सरकारी पोर्टलवर बघायचं. प्राथमिकला पायाभूत वाचन-गणितासाठी मिशन अंकुर आलं. डाएटच्या, म्हणजे जिल्हा शिक्षण-प्रशिक्षण संस्थेच्या, कार्यशाळा असतात. समावेशक शिक्षणाचा भाग त्यांत असतोच. अशी मुलं ओळखायला एनसीईआरटीचं प्रशस्त नावाचं ॲपही आहे, त्यातली पहिली यादी वर्गशिक्षकाने भरायची आणि पुढची विशेष शिक्षकाने. कागदावर सगळं आहे. पण एकशिक्षकी किंवा दोनशिक्षकी शाळेत, मतदार यादीचं काम अंगावर असताना, बाई यादी भरतात आणि पुढे वाट बघतात. विकासखंडाला जे एमआरसी, म्हणजे शाळोशाळी फिरणारे सल्लागार, असतात त्यांच्याकडे इतक्या शाळा, की ते तुमच्या शाळेत कधी उगवतील सांगता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं : प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक, त्याच्या वर पंधरांमागे एक. प्रत्यक्षात काय आहे ते मी लिहीत नाही, सगळ्यांना दिसतंय.

म्हणून सांगते, शिक्षकाला आणखी 'जाणीव' देऊ नका. पंचेचाळीस मुलं समोर असताना एका मुलासाठी जास्तीचा वेळ न लागता काय करता येईल, तेवढंच द्या. जास्तीचा वेळ लागणारी गोष्ट पंधरा दिवसांत बंद पडते, बाई कितीही चांगल्या असोत.

दुसरं, उन्हाळ्याची सुट्टी ही वेळच चुकीची. आपल्याकडे नवं सत्र एप्रिलमध्ये लागतं, वर्गशिक्षक बदलतात, आणि मेमध्ये वर्गच नसतो. "मधल्या आठवड्यात वर्गात करा" म्हणाल, तर कोणत्या वर्गात?

बक्षीबागकर

पाटीपेन्सिल, सुट्टीचा मुद्दा एकदम मान्य. मंडळाला हॉल मेमध्ये रिकामा मिळतो एवढ्याच हिशेबाने तारीख ठरली होती.

जास्तीचा वेळ न लागणारी एक गोष्ट मी वर्गात करते, ती लिहिते, कारण जोडी का हवी ते त्यातून कळेल. प्रकट वाचनात ज्या मुलाला त्रास होतो त्याला मी आदल्या दिवशी हळूच सांगून ठेवते, उद्या तुझ्या ओळी या चार. बाकी कुठल्याही ओळीसाठी त्याला उठवत नाही. घरी आई त्या चार ओळी त्याच्याबरोबर वाचते : आधी ती, मग दोघं मिळून, मग तो एकटा. दुसऱ्या दिवशी तो वाचतो आणि वर्गाला काही वेगळं घडलं असं वाटतही नाही. माझा वेळ गेला अर्धा मिनिट. पण आईला हे ठाऊक नसेल, तर ती त्या संध्याकाळी अख्खा धडा घेऊन बसते, रडारड होते, आणि त्या चार ओळीही जातात.

लेकाची_आई

पहिल्यांदाच लिहितेय इथे. मुलगा चौथीत, सीबीएसई. दुसरीपर्यंत पठ्ठ्याने सगळं पाठांतरावर निभावलं. चित्र बघून धडा ओळखायचा आणि घडाघडा म्हणायचा, बोट भलत्याच ओळीवर. तिसरीत धडे लांबले आणि पितळ उघडं पडलं. एका शाळेने तर "लापरवाह है, घर पे ध्यान दीजिए" एवढ्यावर वर्ष काढलं आणि शेवटी दुसरीकडे बघा म्हणाले. आता दुसऱ्या शाळेत आहे, बाई चांगल्या आहेत.

दोन प्रश्न आहेत. एका समुपदेशकांनी सांगितलं, घरी मराठी बंद करा, तीन भाषांनी तो गोंधळतोय. सासूबाई म्हणाल्या, "माझं हिंदी ऐकलं तर तो आणखीच गोंधळेल." हे खरंच बंद करायचं का?

आणि प्रमाणपत्र. यांचा ठाम नकार आहे. कागदावर 'दिव्यांग' लागलं की जन्मभर चिकटेल म्हणतात.

जोडाक्षर

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मराठी अजिबात बंद करू नका.

दोन-तीन भाषा कानावर पडल्याने डिस्लेक्सिया होत नाही. एकाच भाषेच्या घरातही तो असतो. मूळ अडचण आहे ती शब्दातले आवाज सुटे करण्यात आणि ते अक्षरांशी चटकन जोडण्यात. बोलण्याची भाषा मात्र जेवढी भरपूर तेवढी चांगली, कारण अडखळत वाचणारं मूल अर्थाच्या आधारानेच पुढचा शब्द गाठतं. आजी गोष्ट सांगते तेव्हा 'हिरमुसला', 'खट्याळ', 'तिन्हीसांज' हे शब्द तो डोळ्यांना त्रास न देता कमावतो. भाषा तोडायची वेळ आलीच, तर ती शाळेत तिसरी भाषा म्हणून परीक्षेला बसायची, तिथे सूट मिळते. आजीशी बोलायची नव्हे.

लिहिण्यावाचण्याचं वेगळं, आणि इथे इंदूरच्या मराठी घरांनी जरा जपून राहावं. "हिंदी येतं म्हणजे मराठी वाचन फुकटात" असं सगळे धरून चालतात. सशक्त वाचकाला ते मिळतं फुकटात. या मुलांना नाही. हिंदीच्या वहीत 'कवि' बरोबर, मराठीत 'कवी'. 'दुसऱ्या' मधला र हिंदीत नाहीच. 'चार' आणि 'चारा' यांतला च तोंडात वेगळा, कागदावर एकच. त्यात देवनागरीच्या स्वतःच्या खोड्या : 'किती' म्हणताना आधी क उच्चारतो, पण डोळ्यांना आधी वेलांटी भेटते. 'गर्दी'त र आधी बोलायचा आणि लिहायचा सगळ्यात शेवटी, तोही डोक्यावर. ३४ व्यंजनांना १२ खुणा लावल्या की चारशेच्या वर आकृत्या होतात, जोडाक्षरं निराळीच. म्हणून एका वेळी एकाच भाषेचं वाचन पक्कं करा, शाळेची भाषा असेल ती. मराठी लिहिणं वर्षभराने आलं तरी काही बिघडत नाही.

एक रविवार नुसत्या कानाच्या खेळांना द्या, वही-पेन बंद. 'कमळ' मधला क काढला तर काय उरलं? 'मळ'. 'बदक' मधला शेवटचा आवाज कोणता? हे चालत्या रिक्षात, पोळ्या लाटताना, कुठेही होतं. पुढच्या रविवारी तेच आवाज अक्षरांच्या ठोकळ्यांवर : बोलायचं, ठोकळा सरकवायचा, बोटाने रव्यात गिरवायचं, मग लिहायचं. डोळा, कान, तोंड आणि हात एकदम. सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांची ही पद्धत १९३० च्या दशकापासून चालत आलेली आहे. क्रम ठरलेला असतो, सोप्याकडून अवघडाकडे, आणि आधीचं पक्कं झाल्याशिवाय पुढचं नाही. वीसदा लिहून घेण्यात यातलं काहीच नसतं. अकराव्या वेळेपर्यंत मूल शब्द न बघता चुकाच उतरवत असतं.

आता प्रमाणपत्र. दिव्यांग व्यक्ती अधिकार कायदा २०१६ चा, लागू झाला २०१७ मध्ये. त्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत डिस्लेक्सियाही येतो. कलम १६ प्रमाणे अशी मुलं लवकर ओळखून उपाय करणं ही शाळेचीच जबाबदारी आहे, प्रमाणपत्र असो वा नसो. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तपासणी आठ वर्षांनंतर व्हायची, निमहान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेचा चाचणीसंच वापरायचे, आणि चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा बघायचं असायचं; २०२४ मध्ये सूचना सुधारल्या आहेत, ताज्या बघून घ्या. म्हणजे 'जन्मभर चिकटेल' असं लगेच घाबरायचं कारण नाही. उपयोग मुख्यतः बोर्डाच्या वेळी : तासाला किमान २० मिनिटं जास्त, लेखनिक, भाषेची सूट. चौथीत घाई नाही. पण आठवी-नववीत धावाधाव करण्यापेक्षा कागद तयार असलेला बरा. घरात वापरायचा शब्द कोणता, ते तुमच्या हातात.

छप्पनवाला

मधेच एक विचारतो. आमच्या कॉलनीत एक क्लास निघालाय, मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवतात, 'मिडब्रेन' काहीतरी. डिस्लेक्सियाही जातो म्हणे. फी ऐकून माझेच डोळे पांढरे झाले. वहिनींनी आगाऊ रक्कमही भरली आहे.

जोडाक्षर

पैसे परत मिळत असतील तर घ्या. पट्टीखालून नाकाशेजारच्या फटीतून दिसतं, एवढंच त्यातलं गुपित. डोळ्यांचे व्यायाम आणि रंगीत काचाही याच रांगेतल्या. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र निवेदन काढून सांगितलं की डिस्लेक्सियावर त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. डोळे आणि कान एकदा तपासून घ्या जरूर, नंबर असेल तर चष्मा द्या. पुढचं काम वाचन शिकवण्याचंच आहे, आणि ते सावकाश होतं.

शंकासूर

बरं, मानलं की असतं. पण जास्तीचा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाचे गुण न कापणं... बाकीच्या मुलांवर हा अन्याय नाही का? माझी नात रात्री अकरापर्यंत अभ्यास करते.

पाटीपेन्सिल

नात अकरापर्यंत विज्ञानाचा अभ्यास करते. हा मुलगा अकरापर्यंत विज्ञानाचं पान नुसतं *वाचत* असतो. विज्ञानाच्या पेपरात विज्ञान तपासायचं असेल तर त्याला वेळ द्यावा लागेल. शुद्धलेखनाच्या प्रश्नाला शुद्धलेखनाचे गुण जरूर कापा की, तिथे कोण अडवतंय?

मालवा_मेल

मी हे बोलून टाइप करतोय चुका असतील तर सांभाळून घ्या. सांवेर रोडला माझं लेथचं वर्कशॉप आहे. ड्रॉइंग बघितलं की जॉब डोक्यात फिरायला लागतो पण जीएसटीची नोटीस आली की घाम फुटतो. बिलं बायको बघते. मला कोणी कधी तपासलं नाही, मुलीला तपासलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं घरात आणखी कोणाला आहे का, आणि बायकोने माझ्याकडे बघितलं.

माझे बाबा रोज पेपर घेऊन बसायचे. आता वाटतं फोटोच बघत असावेत.

तर माझी सूचना. तुम्ही पालकांना छापील माहितीपत्रक द्याल, चार पानं बारीक अक्षरात, आणि म्हणाल घरी वाचून या. तिथल्या किती बापांना ते वाचायचा त्रास होईल याचा विचार करा. मी तरी ते गाडीच्या डिकीत टाकीन आणि पुढच्या रविवारी येणार नाही. नोंदणीचा फॉर्मसुद्धा लिहायला लावू नका. आवाजी निरोप पाठवा, दोन मिनिटांचा, दर आठवड्याला. आणि सगळ्यांसमोर कोणाला काही वाचायला उठवू नका. शिक्षकांनाही नको.

जोडाक्षर

मालवा_मेल, हे एवढ्या प्रशिक्षणांत मला कोणी सांगितलं नव्हतं. हे घराण्यात चालतं, आई-वडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला असण्याची शक्यता बरीच वाढते, हे आम्ही स्लाइडवर दाखवतो. आणि तीच स्लाइड छापून त्याच आई-वडिलांच्या हातात देतो!

लेकाची_आई

आमचे 'हे' मालवा_मेल यांची पोस्ट दोनदा ऐकून गेलेत. वाचली नाही, ऐकली. मी काही बोलले नाही.

ग्वाल्हेरी_गजक

आमच्याकडेही असं काही व्हावं फार वाटतं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मराठी घरं पुष्कळ, पण डिस्लेक्सिया म्हटलं की लोक 'तारे जमीन पर' सिनेमाच्या पलीकडे जात नाहीत. तुमचे रविवार ऑनलाइन जोडता येतील का? आणि वर्गशिक्षक बघायला मराठीत काही साधन आहे का?

जोडाक्षर

साधन आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डाली नावाचा संच तयार केलाय, २०१५ पासून. हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी. त्यात शिक्षकांसाठी चाळणीच्या दोन याद्या आहेत, एक पहिली-दुसरीसाठी, दुसरी तिसरी ते पाचवीसाठी. बाकीचा संच मानसशास्त्रज्ञांनी वापरायचा. चाळणीत मूल अडकलं म्हणजे निदान झालं असं समजू नका, पुढे तपासायला पाठवा एवढाच त्याचा अर्थ. ऑनलाइनचं बक्षीबागकर सांगतील, पण ठोकळे स्क्रीनवरून सरकवता येत नाहीत.

बक्षीबागकर

सगळ्यांचं वाचून आराखडा बदललाय. मंडळाशी कालच बोलणं झालं, थोडी वादावादीही.

मे रद्द. जुलैच्या दुसऱ्या रविवारपासून, सकाळी नऊ ते अकरा. जोडीची अट राहील, पण 'पालक' म्हणजे संध्याकाळी मुलाजवळ जो बसतो तो : आजी, काका, मोठी बहीण, कोणीही. शिक्षक निवडणुकीच्या कामात अडकले तर त्यांनी एक रविवार चुकवला तरी चालेल, जोडीदाराने सोमवारी शाळेत जाऊन पाच मिनिटांत करून दाखवायचं. छापील पत्रक नाही, आवाजी निरोप. नोंदणी फोनवर, छप्पनवाला विचारून भरून घेतील. प्रत्येक रविवारी एकच गोष्ट : कानाचे खेळ, ठोकळे, चार ओळींचं वाचन, फळ्यावरून उतरवण्याला पर्याय, वही तपासणं. सहावा रविवार राखून ठेवलाय, जे जमलं नाही त्यासाठी.

डॉक्टर येतील, पण तिसऱ्या रविवारी आणि फक्त प्रश्नांना उत्तरं द्यायला. तोवर लोकांना प्रश्न पडलेले असतील. शालीवर मी हरले, शाल राहणार.

ग्वाल्हेरी_गजक, ऑनलाइन नको. त्याऐवजी तिथून एक जोडी पहिल्या दोन रविवारी इकडे आली तर राहण्याची सोय आमच्याकडे करू, मग तुम्ही तिकडे सुरू करा.

लेकाची_आई

आमच्या बाई मल्याळी आहेत, हिंदी चांगलं बोलतात, मराठी नाही. त्यांना कसं विचारू? मराठी मंडळाचा कार्यक्रम म्हटल्यावर येतील का त्या?

बक्षीबागकर

सगळं हिंदीतच घेणार आहोत. मराठी लिपीच्या खोड्यांपुरता अर्धा तास शेवटी वेगळा ठेवू, तेव्हा ज्यांना जायचं ते पोह्यांकडे जातील. बाईंना मी स्वतः फोन करते, नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा.

छप्पनवाला

पोहे नऊला की अकराला? हलवायाला आत्ताच सांगून ठेवायला लागतं, रविवारी त्याच्याकडे गर्दी असते.